मॉडेलं चुकली, पण नेमकी कुठे?

सौरऊर्जेबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: ‘सौरवीज महागच राहील असं संगणकी मॉडेलं सांगत होती. ती सगळी तोंडघशी पडली. दर बाजारानेच आपोआप पाडले. तेव्हा धोरण ठरवताना सरकारने मॉडेलं बघणं बंद करावं.’ यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि त्याच्या जोरावर पुढची तीन सहज गळी उतरतात.

खरं ते आधी मान्य करू. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये ‘जूल’ या नियतकालिकात 2010 ते 2020 या काळासाठीचे 2,905 अंदाज एकत्र मांडले. सौर प्रकल्पांचा खर्च वर्षाला सरासरी 2.6 टक्क्यांनी उतरेल, असं ते सांगत होते. 6 टक्क्यांपर्यंत एकही पोचला नव्हता. प्रत्यक्षात खर्च वर्षाला 15 टक्क्यांनी उतरला.

पण ‘सगळी’ म्हणजे कोणती? त्या मॉडेलांपैकी अनेकांत मर्यादा आधीच घालून ठेवल्या होत्या: खर्च अमुक पातळीखाली जाणार नाही, सौरऊर्जेची वर्षाला अमुक टक्क्यांहून जास्त वाढ होणार नाही. आत भिंत बांधून ठेवली, तर उत्तर भिंतीपाशीच थांबणार. अंदाज करण्याची दुसरी, जुनी रीत आहे, तिला शिकण्याचा वक्र म्हणतात. थिओडोर राइट या विमान अभियंत्याने 1936 मध्ये दाखवलं, की एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर नगाचा खर्च ठरावीक प्रमाणात उतरतो. सौर पॅनेलसाठी ही घट साधारण 20 टक्के आहे. उत्पादन दहा वेळा दुप्पट झालं, की खर्च मूळच्या 11 टक्क्यांपाशी येतो. अशा रीती भूतकाळावर तपासूनही पाहता येतात: जुन्या वर्षात उभं राहून अंदाज करायचा आणि पुढे घडलेल्याशी ताडायचा. डोइन फार्मर आणि फ्रान्स्वा लाफाँ या संशोधकांनी 2016 मध्ये 53 तंत्रज्ञानांवर हे केलं आणि अंदाज किती चुकू शकतो त्याचंही माप काढलं. मला त्यांच्या कामातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

‘बाजाराने आपोआप’ हे तर साफ चूक. उत्पादन दुप्पट व्हायला आधी गिऱ्हाईक लागतं, आणि महागड्या पॅनेलला गिऱ्हाईक कुठून येणार? जर्मनीने 2000 च्या कायद्याने सौरवीज विकणाऱ्यांना 20 वर्षांच्या ठरलेल्या दराची हमी दिली, तेव्हा ते आलं. पुढे चीनच्या कारखान्यांनी प्रमाण वाढवलं. एमआयटीतल्या संशोधकांच्या 2018 च्या विश्लेषणानुसार 1980 ते 2012 दरम्यान पॅनेलच्या किमती 97 टक्क्यांनी घटल्या, आणि त्यातली सुमारे 60 टक्के घट बाजारपेठ वाढवणाऱ्या सरकारी धोरणांमुळे होती. भारतात 2017 मध्ये राजस्थानातल्या भाडला येथे युनिटला 2.44 रुपयांची बोली लागली, ती या साखळीच्या शेवटी.

राहिलं मॉडेलं बंद करणं. बंद केल्यावर धोरण ठरायचं थांबत नाही. मंत्रालयात बसलेल्या माणसाच्या डोक्यात गृहीतकं असतातच, फक्त ती कागदावर नसतात आणि तपासता येत नाहीत. 2.6 टक्क्यांचा अंदाज चुकला हे आपल्याला कळलं, कारण तो कुणीतरी लिहून ठेवला होता.

मात्र शिकण्याचा वक्र कुठेही चिकटवायचा नाही. फ्रान्समध्ये अणुभट्ट्या वाढत गेल्या तसा त्यांचा खर्चही वाढला. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ छोटे प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची आहे. तिथे पॅनेलचा दर जगभरच्या उत्पादनामुळे उतरतो. पण जमीन, उपकेंद्राची क्षमता आणि वितरण कंपनीकडून वेळेवर मिळणारे विजेचे पैसे यांना तो वक्र लागू नाही. योजनेच्या मॉडेलमध्ये या तिन्ही गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत का, हे आपण विचारायला हवं.