‘९८ टक्के पत्ते सापडले’ म्हणजे नेमकं काय सापडलं?

हजारो पत्ते नकाशावर कसे आणायचे, याचा एक झटपट सल्ला सध्या खूप फिरतो आहे. सगळे पत्ते स्प्रेडशीटच्या एका रकान्यात टाका, ॲड-ऑन (स्प्रेडशीटला जोडायचं छोटं साधन) चालवा, दहा मिनिटांत प्रत्येकाचे अचूक अक्षांश-रेखांश हातात. पत्ते साफ करत बसू नका, यंत्रणेला सगळं कळतं. ९८ टक्के सापडले की काम फत्ते. शिवाय सगळं फुकट. अशाच यादीवरून कुणी रुग्णवाहिका कुठे उभ्या करायच्या हे ठरवतं, म्हणून हा सल्ला तसाच सोडून देववत नाही.

‘९८ टक्के सापडले की काम फत्ते’

ही टक्केवारी फक्त किती ओळींना काहीतरी उत्तर मिळालं एवढंच सांगते. घर क्रमांक सापडला नाही, तर पत्त्याचा बिंदू शोधून देणाऱ्या बऱ्याच सेवा रस्त्यावरचा एखादा बिंदू देतात. रस्ताही सापडला नाही, तर वस्तीचा मध्य, नाहीतर अख्ख्या शहराचा. ओळ भरते, टक्का वाढतो आणि घर राहतं पाच किलोमीटरवर. गूगलची सेवा प्रत्येक उत्तरासोबत त्याचा दर्जा कळवते: ‘रूफटॉप’ (थेट घरावरचा बिंदू), ‘रेंज इंटरपोलेटेड’ (रस्त्यावरच्या क्रमांकांवरून काढलेला अंदाज), ‘जिऑमेट्रिक सेंटर’ (रस्त्याचा किंवा वस्तीचा मध्य) किंवा ‘अप्रॉक्झिमेट’ (ढोबळ जागा). पत्ता अर्धवटच जुळला असेल तर तशी वेगळी खूणही असते. ही माहिती ज्या ॲड-ऑनमध्ये गाळली जाते, तिथे छपरावरचा बिंदू आणि शहराचा मध्य एकाच रांगेत, सारख्याच रुबाबात बसतात.

मध्यबिंदू खपवण्याने काय होतं, हे अमेरिकेत २०१६ साली उघड झालं. प्रकरण घरपत्त्यांचं नव्हतं, आयपी पत्त्यांचं, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांच्या क्रमांकांचं होतं, पण दुखणं हेच. ज्या आयपी पत्त्याचा फक्त देश माहीत, त्याला अशा पत्त्यांची जागा सांगणारी मॅक्समाइंड कंपनी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू देत असे: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. असे ६० कोटींहून जास्त पत्ते त्या एका बिंदूवर जमा झाले होते. तो बिंदू कॅन्ससमधल्या एका शेतघराजवळ पडत होता. फसवणुकीपासून बेपत्ता माणसांपर्यंतच्या तपासासाठी पोलीस वर्षानुवर्षं त्याच दारात येत राहिले. त्या घरातल्यांचा कशाशीच संबंध नव्हता.

म्हणून यादी परत आली की मी आधी एकच मोजतो: तेच अक्षांश-रेखांश किती ओळींत आले आहेत? एका बिंदूवर ३०० पत्ते दिसले, तर तिथे एकतर मोठी इमारत आहे किंवा मध्यबिंदू. शून्य अक्षांश, शून्य रेखांशही शोधावेत. रिकाम्या उत्तराचं शून्य झालं की पत्ता गिनीच्या आखातात जाऊन पडतो.

जेरी रॅटक्लिफ यांनी गुन्ह्यांच्या नोंदींवर केलेल्या २००४ च्या अभ्यासात किमान ८५ टक्के पत्ते जुळावेत अशी मर्यादा निघाली होती. ‘आमचे तर ९८ आहेत’ म्हणणारे तिचा आधार घेतात. पण त्या अभ्यासाचा प्रश्न होता, किती पत्ते गळाले तर चित्र बिघडतं. जे जुळले ते योग्य जागी आहेत की नाहीत, हा प्रश्न निराळा. आणि उरलेले २ टक्के तरी कोण? बहुधा नव्या वस्त्या, गावाबाहेरचे रस्ते, नाव नसलेल्या गल्ल्या. म्हणजे रुग्णवाहिकेला आधीच उशीर होतो ती माणसं.

‘प्रत्येकाचे अचूक अक्षांश-रेखांश’

दशांश चिन्हापुढे सात आकडे दिसले की माणूस दबतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पाचव्या आकड्यालाच मीटरभराची बारकाई येते. सातवा आकडा सेंटिमीटरच्या गप्पा मारतो, आणि त्यामागे कित्येकदा निव्वळ अंदाज असतो. रस्त्याच्या एका बाजूला १०० ते १९८ क्रमांक आहेत एवढंच ठाऊक असेल, तर १५० क्रमांक साधारण मध्यावर टाकला जातो. १९७० च्या जनगणनेसाठी अमेरिकेने रस्त्यांच्या अशा फायली तयार केल्या, तेव्हापासूनची ही रीत. शहरात ती बऱ्यापैकी चालते. घरं विरळ झाली की चूक शेकडो मीटरवर जाते. शिवाय १५० क्रमांकाचं घर मुळात नसलं तरी बिंदू मिळतोच! जपानमध्ये तर बहुतेक पत्ते रस्त्यावर नसून विभाग आणि गटावर बेतलेले असतात. तिथे ही रीत लागूच होत नाही.

‘पत्ते साफ करू नका’

खरं तर सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. स्प्रेडशीट ‘३-१२’ या घर क्रमांकाची तारीख करते, ‘०२१०८’ या झिप कोडचं (अमेरिकेतल्या पिनकोडचं) पुढचं शून्य खाते. हे रकाने आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवावेत. ‘शाळेच्या मागे, टाकीजवळ’ ही खूण टपालवाल्याला पुरते, यंत्राला गोंधळात टाकते. ती पुसू नये, वेगळ्या रकान्यात ठेवावी. शहर आणि देश प्रत्येक ओळीत लिहावेत, कारण एकाच नावाची गावं अनेक असतात. पत्त्याचे तुकडे पाडायला लिबपोस्टलसारखं मुक्त साधन आहे. मूळ पत्ता मात्र आहे तसा जपावा.

‘दहा मिनिटांत, फुकट’

ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर पत्ते शोधणाऱ्या नॉमिनाटिम या साधनाच्या सार्वजनिक सर्व्हरवर मर्यादा आहे सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती. त्या गतीने ५०,००० पत्त्यांना जवळपास १४ तास लागतील, आणि एवढा भार टाकू नका असं तिथे आधीच सांगितलेलं आहे. अमेरिकेच्या जनगणना विभागाची सेवा फुकट आहे, पण एका फाइलमध्ये १०,००० पत्ते आणि तेही त्याच देशातले.

पैशांपेक्षा मला टोचतं ते वेगळंच. रुग्णांचे, तक्रारदारांचे किंवा आसऱ्याला आलेल्या बायकांचे पत्ते कुठल्याशा ॲड-ऑनमध्ये ओतले, की ते कुणाच्या सर्व्हरवर किती दिवस राहतात हे ओतणाऱ्याला माहीत नसतं. अशा यादीसाठी नॉमिनाटिम स्वतःच्या यंत्रावर बसवता येतं. बसवायला वेळ जातो, डिस्कवर बरीच जागा लागते, पण एकही पत्ता खोलीबाहेर जात नाही.