नानांचा ९५ सालचा भाव

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या तळ्याकाठचा आमचा बाक. मुग्धाच्या हातात काउंटीचं पाकीट, नव्या घराच्या कराचं.

"सप्लिमेंटल ना? घर घेतल्यावर येणारं फरकाचं बिल," सुहास म्हणाला. "हे बहुतेक वेळा एस्क्रोतून, म्हणजे बँक हप्त्याबरोबर कराचे पैसे बाजूला काढते त्यातून, जात नाही, स्वतः भर. बँकेच्या भरवशावर राहिलीस तर १० टक्के दंड."

"मग घर घेताना सांगितलेला कर?"

"तो जुन्या मालकाच्या आकड्यावर. तू १८ लाखांना घेतलंस, आता तोच बेस, म्हणजे कर ठरवायची किंमत. फरक खरेदीच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून जूनअखेरपर्यंत. जानेवारी ते मेमध्ये घर घेतलं की अशी दोन बिलं."

नानांनी थर्मासचं बूच काढलं. म्हणजे भाषण. "करवाढीला लगाम घालणारं प्रॉप थर्टीन होतं म्हणून तरलो! १९७८ साली इथल्या म्हाताऱ्या माणसांवर कर भरता भरता घराबाहेर पडायची वेळ आली होती..."

"नाना, ७८ साली तुम्ही डोंबिवलीत होता," मुग्धा म्हणाली. "घर घेतलंत ९५ ला, ३ लाखांना. वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ, म्हणजे आज पावणेसहा लाखांच्या आत. १ टक्क्याने तुम्ही साडेपाच हजार भरणार, मी १८. स्थानिक बाँडचा कर वेगळा. आग लागली तर बंब माझ्याकडे तिप्पट वेगाने येतो का?"

"आम्ही इतकी वर्षं भरतोय!"

"नॉर्डलिंगर नावाच्या घरमालकीणबाई याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या," सुहास म्हणाला. "१९९२ ला ८ विरुद्ध १ ने हरल्या."

"म्हाताऱ्यांना सवलत द्या, माझी ना नाही. पण तीच मर्यादा भाड्याच्या घरालाही आणि कंपनीच्या गोडाउनलाही? कंपनी तर मरतही नाही."

"कंपन्यांपुरती ती मर्यादा काढायला २०२० ला प्रॉप फिफ्टीन मतदानाला आणलं होतं, पडलं. तू आपला होमओनर्स एक्झम्प्शनचा, म्हणजे राहत्या घराच्या सवलतीचा, अर्ज १५ फेब्रुवारीच्या आत भर. किमतीतून ७,००० वजा होतात, म्हणजे ७० डॉलर वाचतात. आणि १ जानेवारीला बाजारभाव बेसच्या खाली असला तर किंमत ठरवणाऱ्या असेसरकडे डिक्लाइन रिव्ह्यू, म्हणजे आकडा खाली आणायची फेरतपासणी, माग. मात्र भाव सावरला की तो आकडा बेसच्या जुन्या रेषेपर्यंत २ टक्क्यांहून जोरात चढतो, तेव्हा ओरडू नकोस."

"मी तर चिन्मयचं नाव घराच्या डीडवर चढवून मोकळा होणार," नाना.

सुहासने कपाळाला हात लावला. "चिन्मय ऑस्टिनला! निम्मा हिस्सा दिलात की निम्म्या घराचं आजच्या भावाने असेसमेंट होऊ शकतं. १६ फेब्रुवारी २०२१ पासून मुलाला जुना आकडा हवा तर त्याने वर्षाच्या आत त्या घरात राहायला यायचं, एक्झम्प्शनचा अर्जही वर्षाच्या आत. तेही जुन्या आकड्यावर १० लाख आणि थोडं वर, इथपर्यंतच. त्यापुढचं बेसमध्ये मिळवतात. त्यापेक्षा रिव्होकेबल, म्हणजे हवा तेव्हा मोडता येणाऱ्या, ट्रस्टमध्ये टाका, त्याने तुमचा बेस हलत नाही."

"ट्रस्टला वकील लागतो. वकील पैसे घेतो."

"घर विकून लहान घ्या मग," बंड्या म्हणाला. "पंचावन्नच्या वर आहात, दोन वर्षांच्या आत घेतलंत तर बेस राज्यात कुठेही नेता येतो, तीनदा."

"आणि जातील कशाला?" मुग्धा. "चार बेडरूम, माणसं दोन. तरुण पोरांना घरं मिळत नाहीत ती यामुळेच."

"बाय द वे नाना," बंड्याला अचानक आठवलं, "मंडळाची वर्गणीही तुम्ही ९५ च्याच भावाने देता. २१ डॉलर. २ टक्क्यांनी सुद्धा ३८ च्या वर गेली असती!"

"वर्गणी स्वेच्छेची असते! आणि २०१९ ला अकरा मोदक कुणी चापले? त्याचं सप्लिमेंटल कुठे पाठवू?"

"नऊ होते."

"अकरा! ही मोजत होती."

मुग्धासुद्धा फिस्सकन हसली. पुढचा अर्धा तास मोदकच.