समानार्थी म्हणे!

पोरीच्या इंग्रजीच्या वहीत परत तेच. वॉक, स्ट्रोल, लिंप: 'समानार्थी, पाठ करा.' अहो, कसले समानार्थी? संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहून बघा जरा. 1929 सालचा पूल, पण अजून सगळ्या तऱ्हेची चाल दिसते तिथं. भडंगाचा पुडा संपवत, कृष्णेकडं बघत रमतगमत निघालेला, तो स्ट्रोल. गुडघा धरून पाय ओढत येणारी आमची आत्या, ती लिंप. वॉक दोघांचाही, पण आत्याला 'काय, स्ट्रोल का?' विचारा, काठीच बसेल! लिंपमध्ये वॉक आलंच, उलटं नाही होत. पुढच्या पानावर ग्लान्स आणि स्टेअर, म्हणजे ओझरतं बघणं आणि टक लावून बघणं, तेही समानार्थी. एसटी स्टँडवर एकदा कुणाकडं तरी स्टेअर करून दाखवा म्हणावं, ओझरती नजर समजून सोडतात का बघू!