अकराव्या अंकावरून पेटलेला वाद

टपरीवरचा कटिंग हातात पडला आणि सुशांतने तोंड सोडलं, "वॉचमेन कॉमिकचा शेवट लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय. बारा अंकांची मालिका, आणि अकराव्यात काय? खलनायक बसून स्वतःचं बालपण सांगतो. जग बुडायला आलंय आणि हे बुवा कीर्तनाला उभे!"

वैशाली उसळलीच. "अरे, तिथेच लेखक अ‍ॅलन मूरने तुला गंडवलंय. बडबड चाललीय म्हणजे वेळ आहे असं वाटतं. रोरशाक आणि नाइट आउल हे मुखवटेधारी नायक पोचलेत, थांबवतील. आणि खलनायक ओझिमँडियस सांगतो, न्यूयॉर्कवरचा हल्ला पस्तीस मिनिटांपूर्वीच उरकलाय."

मला विचाराल तर त्या अंकाचा जीव ओझिमँडियसच्या अंटार्क्टिकातल्या अड्ड्यात नाहीच, न्यूयॉर्कच्या चौकात आहे. पेपरवाला बर्नार्ड आणि त्याच्या स्टॉलपाशी बसून फुकट कॉमिक वाचणारा पोरगा. तिसऱ्या अंकापासून म्हातारा युद्धाच्या बातम्यांवर बोलतोय आणि पोरगा पानातून मान काढत नाही. तेव्हा ही पानं रेंगाळल्यासारखी वाटतात, खरंय. पण अकराव्यात तिथेच मारामारी लागते, रोरशाकला तपासणारा डॉक्टर लाँग बायकोचं न ऐकता मध्ये पडतो, म्हातारा-पोरगा एकमेकांना बिलगतात आणि चौकट पांढरी होत जाते. डोळ्यांना पानागणिक नऊ चौकटींची सवय झालेली, आणि बाराव्याच्या सुरुवातीला चित्रकार डेव्ह गिबन्स सलग सहा पानं एकेकच चित्र काढतो. संवाद नाही, नुसती प्रेतं. ती माणसं आधी भेटली नसती तर आपल्याला त्यांचं काय पडलं असतं?

"हे मान्य," सुशांत म्हणाला. "पण ज्याने हे केलं, तो ओझिमँडियस माणूस म्हणून आधी कुठे दिसतो? लपवला तर रोरशाकलाही होता. तरी पहिल्या अंकापासून तो अंत जवळ आल्याची पाटी घेऊन उघड्या चेहऱ्याने फिरतो. पाचव्यात मुखवटा निघाला की आपण मागची पानं उलटून त्याला शोधतो. ओझिमँडियसचं काय शोधणार?"

वैशालीने नॉस्टॅल्जिया अत्तराच्या जाहिराती काढल्या. त्याच्याच कंपनीच्या, शहरभर लागलेल्या.

"ती कंपनी झाली. माणूस कुठाय?"

इथे मी सुशांतच्या बाजूचा. दहाव्या अंकात ओझिमँडियस टीव्हींच्या भिंतीसमोर बसून पैसे कुठे गुंतवायचे ते ठरवतो. तिथे तो क्षणभर जरी चाचरला असता, तर शेवटी आपण बरोबर केलं ना, असं डॉक्टर मॅनहॅटन या अतिमानवाला विचारणारा ओझिमँडियस उपरा वाटला नसता. वैशालीला हे अजिबात पटलं नाही. दहाव्यात चाचरलेला दिसला असता, तर अकराव्यातल्या त्या पस्तीस मिनिटांवर कुणी विश्वासच ठेवला नसता, असं तिचं म्हणणं.