डाएटचा खाडा

आमच्या घरात डाएट मोडायला कुणाचीच हरकत नसते. डाएटला सुट्टी द्यायला मात्र सगळ्यांची असते.

मोडणं म्हणजे असं, की ऑफिसात कुणाला नातू झाला, पेढ्यांचा बॉक्स टेबलावरून फिरला, ‘अगं, एकाने काय होतंय’ झालं, खाल्ला. गिरगावच्या मावशीकडे गेले, तिने न विचारता दुसरी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि ‘माझी शपथ आहे’ म्हणाली, खाल्ली. याला कुणी नावं ठेवत नाही. आग्रहाने खाल्लेल्याच्या कॅलरी आग्रह करणाऱ्याच्या खात्यावर पडतात, अशी आपल्याकडे सर्वमान्य समजूत आहे. पण मी एका बुधवारी जेवताना जाहीर केलं, की येत्या रविवारी मी डाएट करणार नाही, दोन्ही वेळा नीट जेवणार, तर नवऱ्याने रिमोट उचलून टीव्हीचा आवाजच बंद केला.

“ठरवून?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“आधीपासून ठरवून खायचं?”

म्हणजे आजवर या घरात जे काही खाल्लं गेलं, ते सगळं अनवधानाने. याच घरात श्रावण लागायच्या आधीचा रविवार महिनाभर अगोदर ठरतो, कोलंबी कुठून आणायची आणि सुरमई कुणाकडे कापून मिळते यावर नवऱ्याचे फोन चालू असतात. पण ती गटारी. ते ठरवून नसतं, ती परंपरा असते.

खाड्याची कल्पना माझी नव्हती, आमच्या डाएटिशियन बाईंची होती. त्यांनी मला १४०० कॅलरींवर बांधून ठेवलंय. माझी रोजची गरज, म्हणजे ज्यात वजन वाढत नाही आणि उतरतही नाही ती, त्यांच्या हिशेबाने १९०० ची. त्यांचं म्हणणं, रविवारी तेवढं खा. त्यापेक्षा जास्त नको, पण तेवढं खा, आणि खाताना तोंड पाडून बसू नका. मी घाबरून विचारलं, “मग आठवडाभराचं सगळं पाण्यात जाणार?” त्यांनी कागदावर करूनच दाखवलं. एका किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी. रविवारी ५०० ची बचत झाली नाही, म्हणजे जेमतेम ६५ ग्रॅम उतरायचे राहिले. वाण्याकडे ६५ ग्रॅम काही मागितलं, तर तो आपल्या तोंडाकडे बघत राहील. पाण्यात जातं ते कधी, तर सहा दिवस पाचपाचशे वाचवून जमवलेले ३००० आपण रविवारी एका बैठकीत गरजेच्या वर खाऊन टाकले तर. आणि हे अवघड आहे असं कुणी समजू नये. हल्लीच्या लग्नातला बुफे ज्याने पाहिलाय, त्याला पटेल.

तर बाई म्हणाल्या, सुट्टीचा दिवस आधी लिहून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी ढळत नाही. मी लिहून ठेवला. आमच्या स्वयंपाकघरात दारामागे दिनदर्शिका टांगलेली असते, तिच्यात ज्याच्या-त्याच्या रजा मांडलेल्या असतात. मी रविवारच्या चौकोनांत बारीक अक्षरात ‘खाडा’ लिहिलं आणि विसरून गेले.

महिनाअखेरीला सकाळी दारात आवाज चढले. मी चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर सासूबाई चष्मा लावून, दिनदर्शिका खिळ्यावरून काढून छातीशी धरून उभ्या. समोर दूधवाला.

“मांजी, एक दिन भी नागा नहीं किया. बारिश में भी आया.”

“इथे लिहिलंय. सगळे रविवार. मेरे बहू ने लिखा है. वो झूठ लिखेगी?”

तो माझ्याकडे बघायला लागला. पलीकडच्या काकू दार किलकिलं करून बघत होत्याच. मी म्हटलं, “आई, तो त्याचा खाडा नाहीये. माझा आहे.”

“तू कुठे दूध घालतेस?”

पुढचं स्पष्टीकरण मी दोन भाषांत दिलं. दूधवाल्याला ते चटकन समजलं. “ज़्यादा खाने की छुट्टी,” असं म्हणून त्याने पूर्ण पैसे मोजून घेतले आणि पिशवी उचलून गेला. काकूंना मात्र मी उपास सोडल्याची बातमी मिळाली, आणि ती लिफ्टने खालीवर जाऊन संध्याकाळपर्यंत वॉचमनपर्यंत पोचली.

डोंबिवलीहून सुटणाऱ्या आमच्या लेडीज डब्यात या विषयावर मतं घरच्यापेक्षा पक्की आहेत. २०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर हा प्रश्न पेटला होता, तेव्हाच आमच्या डब्याची फाळणी झाली. खिडकीकडच्या बायका डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांच्या, दिवसातून दोनदा जेवा आणि ५५ मिनिटांत आटपा. दाराकडच्या ऋजुता दिवेकरांच्या, दर दोन तासांनी थोडं थोडं. आता ती धग गेली, पण बसायच्या जागा तशाच राहिल्यात. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली मी तेव्हाही अपक्ष होते.

मी खाड्याचा विषय काढला. खिडकीकडून लगेच निकाल आला: “एकदा जिभेला सूट दिलीस ना, की संपलं. माझ्या नणंदेचं तेच झालं.” (कुठलाही आहार का फसतो याची साक्ष द्यायला आमच्या डब्यात कायम कुणाची तरी नणंद असते. जाऊबाई क्वचित.) दाराकडचं म्हणणं उलट: “खायचंच नसेल तर जगायचं कशाला?” असं म्हणणाऱ्या ताईंच्या मांडीवर डबा उघडा होता आणि त्यात कोथिंबीर वडी होती. ती मला देण्यात आली. मी नको म्हटलं. “अगं, तळलेली नाहीये, शॅलो फ्राय आहे.” मुंब्रा येईपर्यंत मी दोन खाल्ल्या होत्या, आणि त्याबद्दल खिडकीकडूनसुद्धा ब्र निघाला नाही. आग्रह होता ना.

मग मी डाएटिशियन बाईंनी सांगितलेला ऑस्ट्रेलियातला प्रयोग पुढे केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला. लठ्ठ अशा ५१ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्याने दोन आठवडे कमी, दोन आठवडे गरजेपुरतं, असं आलटून पालटून, त्यामुळे त्यांचे तेच १६ आठवडे पुरे व्हायला ३० लागले. सलगवाल्यांचं सरासरी ९ किलो उतरलं, सुट्टीवाल्यांचं १४. पुढे व्यायाम करणाऱ्यांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा सुट्टी घेतल्याने चरबी काही जास्त उतरली नाही, पण भूक कमी छळली.

“पुरुष ना सगळे?” खिडकीतून प्रश्न आला.

“हो, पहिल्यात तरी.”

“मग त्यांना काय. ‘ही एकच पोळी उरलीय, टाकायची का’ असं त्यांना रात्री कुणी विचारत नव्हतं.”

यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं. घाटकोपर येईपर्यंत ऑस्ट्रेलियाचे पुरुष मागे पडले आणि उरलेल्या पोळीचं काय करायचं यावर पाककृती सुरू झाल्या.

तो रविवार मी दादरला साजरा करायचं ठरवलं. सेनाभवनासमोरच्या ‘आस्वाद’मध्ये. तिथल्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरवलं होतं, तेव्हा म्हटलं सुट्टी घ्यायचीच तर जागतिक दर्जाची घेऊ. मी एकटीच जाणार होते. पण ‘तू एकटी कुठे खातेस’ म्हणून नवरा आला, ‘तो येतोय तर’ म्हणून मुलगी आली, आणि सासूबाई मिसळ खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी बांधून आणायला डबा आला. रांगेत उभं असतानाच नवऱ्याने पाव किती घेणार ते विचारून घेतलं.

मिसळ आली. तर्री बशीच्या कडेला लालभडक जमलेली, वर शेव अजून कुरकुरीत, कांदा बारीक चिरलेला. मी लिंबू पिळत होते तेवढ्यात नवरा म्हणाला, “वरचं तेल बाजूला काढ ना थोडं.” स्वतः थालीपीठावर लोण्याचा गोळा पसरत होता. त्याचं डाएट नाही, त्यामुळे त्याला सुट्टीचीही गरज पडत नाही. मग माझ्या कॅलरी वाचाव्यात म्हणून माझा दुसरा पाव त्याने खाल्ला, मुलीने पियूष संपवलं आणि घरी जाताना मला भूक लागली. म्हणजे १९०० सुद्धा धड झाले नाहीत.

आणि तरी सोमवारी सकाळी काटा सव्वा किलो वर. नवरा दातात ब्रश धरून आकडा वाचायला उभा होताच. बाईंनी हेही आधी सांगून ठेवलं होतं: चार दिवस कमी खाल्लं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर रिकामी होते, पाव-मिसळीने ती परत भरते, तिच्यातला एकेक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो, वर रश्शातलं मीठ आहेच. दोन-चार दिवसांत जातं. मी हे सगळं त्याला नीट सांगितलं. तो चूळ भरून म्हणाला, “पाणी तर मीपण पितो.”

सासूबाईंना मात्र माझी दया आली. “असू दे गं,” त्या म्हणाल्या, “आज सोमवार आहेच. उपास कर, उतरेल.” साबुदाणा त्यांनी रात्रीच भिजत घातला होता. डायनिंग टेबलावर खिचडी आली, मोकळी, मोत्यासारखी. दाण्याचा कूट सढळ, बटाट्याच्या फोडी, वर साजूक तूप, शेजारी दह्याची वाटी. मी ‘एवढी नको’ म्हणायच्या आत आणखी एक डाव पडला. मी मुकाट्याने फोन काढला आणि कॅलरीचं ॲप उघडलं.

“ते मिटव आधी,” सासूबाई म्हणाल्या. “उपासाचं मोजू नये.”