‘टीव्ही नाही’ म्हणता आणि सामना लावता, या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही दोन तारे दिलेत आणि लिहिलंत की सामन्यांचा गोंगाट नसलेला क्राफ्ट बिअरचा बार शोधून दमलात, आमच्या दारावरची ‘इथे टीव्ही नाही’ ही पाटी वाचून आत आलात, तर काउंटरवरच्या लॅपटॉपवर अंतिम सामना चालू. इम्पीरियल स्टाउट, म्हणजे आमची कडक काळी बिअर, बर्फासारखी गार आणि बिनवासाची. शेजारच्या टेबलावर सामन्यावरून जोरजोरात वाद. यातल्या पहिल्या दोन गोष्टींत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. काउंटरवरच्या मुलांना रागावू नका, लॅपटॉप ठेवायला मीच ‘हो’ म्हटलं होतं.

आवाज बंद, स्क्रीन लहान, कोपऱ्यात. कुणाला काय त्रास होणार, असं मला वाटलं होतं. तुमचं वाचून दुसऱ्या दिवशी बार उघडण्याआधी तोच लॅपटॉप त्याच जागी ठेवला, जुना सामना लावला आणि समोरच्या टेबलाशी बसलो. मॅनेजर महिन्याचा हिशेब सांगत होत्या. दहा मिनिटांत मी त्यांना तीन आकडे पुन्हा विचारले. हलतं चित्र नजरेच्या टप्प्यात असलं की डोळे तिकडे वळतातच, आवाज असो वा नसो. हे मला आधीच कळायला हवं होतं.

स्टाउटच्या तक्रारीचं मूळही तिथेच सापडलं. इम्पीरियल स्टाउट आम्ही १० ते १३ अंश सेल्सिअसला, ट्यूलिप ग्लासात देतो. त्याहून गार झाली की भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) कॉफी-चॉकलेटसारखा वास दबून जातो, उरतो तो नुसता कडवटपणा. काही ग्राहक लागरसाठी (गार प्यायची हलकी बिअर) गोठवलेला ग्लास मागतात, म्हणून थोडे फ्रीजरमध्ये असतात. बारटेंडरचं अर्धं लक्ष स्क्रीनवर, हाताला आला तो ग्लास त्याने टॅपखाली धरला. ग्लासावरचं हिम वितळून बिअरमध्ये उतरतं, फेसही वेडावाकडा येतो. तुमच्यापुढे आला तो असा ग्लास, आणि तो परत घेऊन दुसरा द्यायचंही कुणाला सुचलं नाही. याबद्दल मनापासून माफी मागतो.

टीव्ही न लावणं ही आमची हौस नाही, हेही सांगतो. मोठी स्क्रीन लावली तर गल्ला वाढेल, असं या धंद्यातले बरेच जण मला सांगतात, आणि त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. २००८ साली फ्रान्समधल्या बारमध्ये केलेला एक अभ्यास छापून आला होता: संगीताचा आवाज ७२ डेसिबलवरून ८८ वर नेला, तर तरुण पुरुष ग्राहकांनी जास्त बिअर प्यायली आणि प्रत्येक ग्लास लवकर संपवला. मला नेमकं तेच नको आहे. जी बिअर तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात ती तीन घोटांत संपावी, आणि पिणाऱ्याला विचारलं तर तिची चवही सांगता येऊ नये, यासाठी मी बार काढलेला नाही.

शेजारच्या टेबलाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ती मंडळी आपसांत बोलत होती. सामना असो, राजकारण असो की घरचं लग्न, माणसांनी काय बोलावं हे मी ठरवणार नाही. आवाज फार चढला तर सांगू, आणि तुम्हाला अडचण वाटली तर आतल्या बाजूचं टेबल देऊ. मोबाइलवर आवाज लावून सामना पाहणाऱ्यांना आम्ही पूर्वीपासून थांबवतो. तो नियम तसाच राहील.

लॅपटॉप आता आतल्या खोलीत गेला आहे, हिशेबापुरता. गोठवलेले ग्लास स्टाउटच्या टॅपपासून लांब, वेगळ्या फ्रीजमध्ये हलवले. पुन्हा आलात तर काउंटरवर या तक्रारीचा उल्लेख करा. तीच स्टाउट, नीट तापमानाला, आमच्याकडून. पहिला घोट घेण्याआधी ग्लास दोन मिनिटं हातात धरून ठेवा, वास हळूहळू उघडत जातो.