कॉफी सुधारली, बसायची सोय गेली

नव्या कॅफेंवर माझा राग नाही. उलट चिकमगळूरच्या एकाच मळ्यातली, नुकती भाजलेली कॉफी आज आपल्याला गावात मिळते ती त्यांच्यामुळेच. पूर्वी मळेवाल्यांना आपला माल सरकारी कॉफी बोर्डाकडेच द्यावा लागायचा. नव्वदच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटलं, 1996 मध्ये पूर्ण गेलं. त्याच वर्षी बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झालं. 2012 मध्ये स्टारबक्स मुंबईत आलं. चांगलंच झालं.

पण मला कळकळ वाटते ती इंडियन कॉफी हाउसची. त्याची सुरुवात आपल्याच मुंबईत, 1936 साली चर्चगेटला झाली. पुढे ही कॉफी हाउसं कॉफी बोर्डच चालवायचं. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, कामगारांच्या नोकऱ्या जाणार होत्या. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि 1957 पासून कॉफी हाउसं स्वतःच चालवायला घेतली. तुऱ्याचा फेटा बांधून तुमच्यापुढे कप ठेवणारा माणूस त्या संस्थेचा सभासद, म्हणजे मालकांपैकी एक! एकाही साखळी कॅफेत मला हे दिसलेलं नाही.

आणि बसणं. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाउसात एका 'इन्फ्युजन'वर, म्हणजे बिनदुधाच्या काळ्या कॉफीवर, पोरं तासन् तास वाद घालतात. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी म्हाताराही मध्येच तोंड घालतो. तिरुअनंतपुरमला तर वास्तुशिल्पी लॉरी बेकरने विटांचं गोल, चढत जाणारं कॉफी हाउस बांधलंय, टेबलं-बाकं भिंतीलाच जोडलेली. नव्या कॅफेत प्रत्येकजण कानात इयरफोन घालून लॅपटॉपपुढे. कॉफीचे अडीचशे रुपये ज्याला जड जातात, तो विद्यार्थी, तो पेन्शनर दारातूनच मागे फिरतो. हे मला खरंच टोचतं.

चव बदलली म्हणून ही ठिकाणं संपतात असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, खरी मारेकरी जागेची भाडी. बेंगळुरूचं कॉफी हाउस 2009 मध्ये एम. जी. रोडवरची जुनी जागा सोडून चर्च स्ट्रीटला गेलं. दिल्लीतलं मोहनसिंग प्लेसमध्ये, नगरपालिकेच्या इमारतीत टिकून आहे. मग मुंबई-पुण्यात एखाद्या मंडईचा वरचा मजला, स्टेशनची एखादी रिकामी खोली अशा संस्थेला परवडेल त्या भाड्याने द्यायला काय हरकत आहे? आपल्या नगरसेवकाला हे विचारा. मी माझ्या वॉर्डात विचारणार आहे.